चिनी आई हवी, चिनी बाई नको?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत पडद्यावरच्या आयांविषयीचा लेख वाचला. त्यात हॉलिवूडमधील चिनी आईची बोळवण ‘टायगर मॉम’ (मुलांना कडक शिस्तीत वाढवणारी आई) या दोन शब्दांत केली आहे. हे नाव रूढ झाले ते अमेरिकी प्राध्यापक एमी चुआ यांच्या २०११च्या पुस्तकामुळे. त्यात त्या स्वतःचीही बरीच टिंगल करतात, पण लोकांच्या लक्षात राहिली ती वाघीण.

त्याआधीची चिनी आई निमूट सोसणारी होती. १९३७च्या ‘द गुड अर्थ’मधील शेतकऱ्याची बायको ओ-लान हे तिचे ठळक रूप. भूमिका केली जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रेनर यांनी. वर ऑस्करही पटकावले. चिनी वंशाची अ‍ॅना मे वाँग तेव्हा हॉलिवूडमध्येच होती, तिला ही भूमिका हवीही होती. पण नायक गोरा, पॉल म्युनी. गोऱ्या नटाची जोडी दुसऱ्या वंशाच्या नटीशी जुळवणे तेव्हाच्या निर्मिती संहितेत, म्हणजे पडद्यावर काय चालेल हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या नियमावलीत, बसत नव्हते. म्हणजे चिनी आई हवी, चिनी बाई मात्र नको!

आता दिग्दर्शक बऱ्याचदा चिनी वंशाचेच असतात. आई बदलली का? ‘टर्निंग रेड’मधील आई मिंग, मुलीने दुकानातल्या एका मुलाची वहीत काढलेली चित्रे घेऊन थेट त्यालाच जाब विचारायला जाते. हसू येते, ओळखीचेही वाटते. ‘क्रेझी रिच एशियन्स’मधील एलिनॉर मुलाच्या प्रेयसीला जिन्यात गाठून तिची लायकी काढते, मिशेल यो यांच्या संयत अभिनयामुळेच ती नुसती खाष्ट सासू होत नाही. पण गोष्ट शेवटी मुलांचीच. आईने अडवायचे, दुखवायचे आणि शेवटी विरघळायचे. हे भांडण खोटे आहे असे मी म्हणत नाही. मात्र आईला स्वतःसाठीही काही हवे असते, हे क्वचितच दिसते.

ते दिसते दिग्दर्शिका अ‍ॅलिस वू यांच्या ‘सेव्हिंग फेस’मध्ये (२००४). न्यूयॉर्कमधली विधवा आई गरोदर राहते, कोणापासून ते सांगत नाही, आणि बापाने घराबाहेर काढल्यावर लेकीकडे मुक्कामाला येते. एकदा ती व्हिडिओच्या दुकानात चिनी चित्रपट शोधते. फळीवर काय, तर ‘द लास्ट एम्परर’, ‘द जॉय लक क्लब’ आणि बाकी सगळ्या अश्लील फिती. ‘द लास्ट एम्परर’मधली सम्राज्ञी आणि ही आई, दोन्ही भूमिका अभिनेत्री जोन चेन यांच्याच! त्या फळीवरून ती काय उचलते, ते लेखकांनी स्वतःच पाहावे.

— एक वाचक, डोंबिवली