उषाचा अंगठा

फोंडा, गोवा

प्रिय शुभे,

चवथ होऊन गेली तरी तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून तू काय काय बोलली असशील ते मला इथे ऐकू येतंय. गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर आहे तशीच. झालं.

परवा ग्रुपवर उषाने अंगठा टाकला तो पाहिलास ना? रेखाने त्या रिसॉर्टची लिंक टाकली, खाली लिहिलं, "पैशाचं कोणी बघू नका, मी भरते, नंतर बघू." तू लगेच बदाम टाकून मोकळी झालीस (लाज वाटू दे), आणि उषाचा नुसता अंगठा. माझ्या पोटात धस्स झालं. मनापासून 'हो' असलं की ही बाई चार ओळी लिहिते. सज्जनगडच्या वेळी काय झालं होतं ते तुला सांगायला नको.

त्याच रात्री तिचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि मग सहज विचारल्यासारखं, "एकूण किती येईल गं?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. ठेवता ठेवता म्हणाली, नोव्हेंबरात सुनेचं काहीतरी आहे, बघते. सुनेचं काही नाही शुभे. तिचं दुकान बंद झालंय, दुसरं काय! आणि रेखाला सांगायचं नाही अशी शपथ आपल्या दोघींच्या गळ्यात. रेखा मनाने वाईट नाही, पण तिचं 'मी भरते' ऐकलं की उषा जागच्या जागी मिटते.

म्हणून कागद घेऊन बसलेय. सहल स्वस्तात बसली पाहिजे, पण उषासाठी स्वस्तात बसवली असं दिसता कामा नये. इथेच सगळं अडतंय. राहायला मंगेशीच्या देवळाची अग्रशाळा (धर्मशाळाच म्हण) धरलीय. माझ्या घरी म्हटलं तर उषा उपकार फेडायला मिरजेहून अर्धं किराणा दुकान बांधून आणेल. देवाच्या दारी कोणाचे उपकार नाहीत. रेखाला सांगेन, माझा नवस आहे. (नवस नाही. मंगेश समजून घेईल.) ती एसीचं विचारेल, त्याचं उत्तर तू द्यायचंस.

इफ्फी, तो सिनेमांचा महोत्सव, 20 नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, त्याच्या आधीच उरकू, नंतर पणजी आपल्याला परवडत नाही. तू पुण्याहून गोवा एक्सप्रेस धर, उषा मिरजेला चढेल. दूधसागर अंधारात निघून जातो, त्याला इलाज नाही. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, तेव्हा नेहमीसारखी लोळत राहू नकोस. आणि बायकांना 58व्या वर्षी मिळायची ती सवलत 2020 पासून बंद, म्हणजे म्हातारं होण्याचा एकुलता एक फायदाही गेला. रेखा विमानाने मोपाला उतरेल, तिथून मंगेशीपर्यंत टॅक्सीला काय पडतं ते तिचं तिला कळू दे.

पहिला दिवस पणजी. मंगेशीच्या नाक्यावरूनच बस मिळते. चर्चच्या पायऱ्या खालून बघायच्या (गुडघे!), मग आबे फारिया, तो संमोहनवाला. त्या पुतळ्यासमोर रेखाला जरा वेळ उभी करू, संमोहनाने रिसॉर्ट विसरली तर बरंच. पुढे फोंताइन्हासच्या गल्ल्या, मळ्यातला मारुती, कुठेतरी पातळभाजी-पाव आणि मिरचीची भजी. परतताना जुन्या गोव्याला उतरून व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, आणि फेरीबोटीने दिवाडीला. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. चर्चनाही नाही. दिवसभरात पर्स उघडायची ती बसला आणि खाण्याला, आणि रेखाला यात काटकसर दिसणारही नाही.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी. हसू नकोस, तुझ्या कंपाउंडची भिंत आधीपासूनच कलली होती. मडगाव, असोळणे, बेतूल, तिथून काब-द-रामच्या किल्ल्यावर. 1955 पर्यंत तिथे तुरुंग होता. आता तटावरून खाली बघितलं की नुसता समुद्र. मग खोल गावावरून आगोंदला. तो रस्ता काजूच्या झाडांतून वर-खाली होत जातो आणि वळणावर मध्येच समुद्र पुढ्यात येतो. वाटेत मिळाली तर खोलची मिरची घेऊ, जीआय मानांकनवाली. येताना करमल घाट दिवसाउजेडी काढायचा, अंधारात मी तिथे गाडी घालणार नाही. जाऊन-येऊन दीडेकशे किलोमीटर, पेट्रोल हजाराच्या आसपास. चौघींत अडीचशे.

पण हे अडीचशे मागायचे कसे? नाही घेतले तर उषाला कळणार. घेतले तर मला झोप नाही. मला एकच सुचतंय. मेसची वही तिच्याकडे असायची ना, तसा हिशेब तिच्याच हाती द्यायचा. आधी किती काढायचे ते तीच ठरवेल, आणि तिच्या आकड्यावर रेखाने एक रुपया वर टाकायचा नाही. ती वही घेईल का, की लगेच ओळखेल? मला दोन्ही वाटतं. तू वर्गात तिच्या शेजारी बसायचीस, तूच सांग. आणि रेखाला तू गप्प कर. मी काही बोलले की तिला माथेरानचे बूट आठवतात, आणि ते बूट मी हरवले नव्हते, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते.

तुझ्या नव्या फ्लॅटच्या लिफ्टचं झालं का? नातवाचा फोटो पोचला, नाक तुझंच, बिचारा.

उषाला फोन तू आधी कर, पण मी लिहिलंय हे बोलू नकोस. सुनेचं काय आहे ते अजिबात विचारू नकोस. सरळ म्हण, वही कोण घेणार?

तुझी,
मंगल