नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट

कछ्याओ, शाओशिंग
१८ मे

प्रिय सुहास,

उत्तराला महिना लागला, पण या खेपेस दोष कापडाच्या धंद्याचा नाही, इंग्रजीचा. हसू नकोस. दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला मी सध्या रोज जेवण झालं की शेजारच्या पोराला इंग्रजी वाचून दाखवतो. परदेशी माणूस म्हणजे इंग्रजी येणारच, असा त्याच्या आईचा समज. ती दारात संत्री घेऊन उभी राहिली, मग नाही कसं म्हणणार?

पोरगा बारावीला आहे. जूनमध्ये गाओकाओ, म्हणजे इथली चीनची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा. इंग्रजीचा पेपर दीडशेचा, त्यात ऐकण्याचे ३०, वाचण्याचे ५०. आमच्या झेजियांग प्रांतात इंग्रजी जानेवारीत आणि जूनमध्ये असं दोनदा देता येतं, जास्तीचे मार्क धरतात. जानेवारीत याला वाचनात ४५ पडले आणि ऐकण्यात साडेएकोणीस. साडेतीन हजार शब्द पाठ आहेत रे त्याला! पण सगळे डोळ्यांनी शिकलेले. कानाची आणि त्यांची ओळखच नाही.

ऐकण्याची चाचणी सुरू होण्याआधी एक नमुना वाजतो: शर्टाची किंमत किती? उत्तर, नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं तोच शर्ट. बाजारातली तिशीची पोरंसुद्धा तो आठवून हसतात. त्यानंतर पाच छोटे संवाद, तेही एकदाच ऐकवतात, आणि आमचा गडी तिथेच गळपटतो.

पहिल्या आठवड्यात मी त्याला ‘कोट’, ‘कोड’ आणि ‘कोल्ड’ असे तीन शब्द म्हणून दाखवले. त्याने तिन्ही वेळा ‘कोट’ लिहिलं. मला वाटलं, लक्ष नाही. मग ध्यानात आलं, चिनी अक्षराच्या शेवटी ‘न’ किंवा नाकातला ‘ङ’ येतो, फार तर ‘र’. शेवटचा ‘ड’ किंवा ‘ल्ड’ ऐकायची त्या कानाला सवयच नाही. शिवाय इंग्रजी बोलणारे तो धड उच्चारतही नाहीत. म्हणून त्याला म्हटलं, शेपटी सोड, मधला स्वर ऐक. ‘कोट’मधला ‘ओ’ तुटतो, ‘कोड’मधला लांबतो. चार-पाच रात्री हेच चाललं. परवा दहापैकी आठ बरोबर आले, तेव्हा पोराने टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

आकड्यांचा घोळ मात्र मला लगेच कळला. यांचा हिशोब ‘वान’मध्ये, म्हणजे दहा हजारांत. ‘फिफ्टी थाउजंड’ ऐकलं की मनात पाच वान करायचे, तोवर पुढचं वाक्य निसटतं. आपणही इचलकरंजीहून आल्यावर लाखाचे दहा वान करता करता पहिलं वर्ष घाम गाळलाच होता की.

वाचनात गंमत आहे. ‘काल आलेला माणूस’ हे चिनीत अगदी याच क्रमाने म्हणतात. इंग्रजीत माणूस आधी उभा राहतो आणि तो काल आला हे मागाहून कळतं. लांब वाक्यात पोरगा आधी शेवटाकडे धावतो, तिथून उलटा येतो. डोळ्याला ते चालतं, कागद कुठे पळून जात नाही. आवाज पळतो. म्हणून आता वाचतानाही बोट मागे न्यायचं नाही, असा नियम केलाय. क्लासवाले मात्र अजून उत्तर ताडायच्या युक्त्याच शिकवतात. मला ते पटत नाही, पण परीक्षा माझी नाही.

लूमच्या खडखडाटात आपण ओठ बघून बोलायचो ते आठवतं? याचं अगदी उलटं झालंय. आवाज स्वच्छ आहे, पण बघायला ओठ नाहीत.

इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी तीनला. ऐकण्याची चाचणी चालू असताना केंद्राजवळ हॉर्न वाजवायचा नाही, बांधकामं बंद. माझा कंटेनर त्याच दिवशी भरायचाय आणि केंद्र गोदामाच्या गल्लीतच आहे. गाडीवाल्याला सांगितलंय, चारच्या आत इकडे फिरकू नकोस.

वहिनींना नमस्कार. कुणी इकडे येणार असेल तर मेतकूट पाठव.

तुझा,
बाळू