रांगेतल्या मावशींना, ज्यांचं नाव विचारायचं राहिलं

मावशी, नमस्कार.

कारागृहाच्या मुलाखतीच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढे असायच्या. हिरवं नऊवारी, हातात वायरची पिशवी. मुलाला भेटायला येता, एवढंच मला माहीत. गेले तीन गुरुवार तुम्ही दिसला नाहीत. मुलगा सुटला असेल तर याल कशाला? तसंच असू दे. पण आभार मानायचे राहिले, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. नातवंडांपैकी कुणी वाचून दाखवील.

आमचे अण्णा ७२ वर्षांचे. खटला चालू आहे, म्हणजे तिथल्या बोलीत कच्चे कैदी. खटल्याबद्दल इथे काही बोलत नाही. पहिले दोन महिने काचेपलीकडे बसून ते माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचे आणि वेळ संपायच्या आतच उठायचे. अण्णा आपल्यावर रागावलेत असं समजून मी बाहेर येऊन रडायचे. तुम्ही शेजारच्या खिडकीतून बघितलंत आणि म्हणालात, "आगं, त्यास्नी ऐकूच येत न्हाई. नुसती मान हलवत्यात."

खरंच होतं. घरी आम्ही सगळे त्यांच्या डाव्या कानाशी बोलतो, आणि तिथला फोन ते सवयीनं उजव्या कानाला लावत होते! पोटच्या पोरीला हे सुचू नये? पुढच्या खेपेला खुणेनं कान बदलायला लावला, शिवाय वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला धरलं. शिपायानं पाहिलं, वाचलं आणि तोंड फिरवलं. त्यांचेही आभार.

दुसरी गोष्ट तुम्ही फटकारूनच सांगितलीत. "वकील, तारीख, जामीन, ह्येच बोलतीस. म्हाताऱ्या माणसाला कायतरी इचार की." मला रागच आला होता. पण तेव्हा डाळिंबाच्या बागेत आंबे बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा होता आणि त्यासाठी झाडांना ताण किती दिवस द्यायचा, म्हणजे पाणी किती दिवस तोडायचं, यावरून माझं नि भावाचं बिनसलं होतं. मी पानावर लिहिलं, "पाणी कधी सोडू?" अण्णांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं. मग फोनवर माझ्यावर ओरडले, "दिवस काय मोजतेस? पानं बघ! पिवळी पडून गळायला लागली का?" किती महिन्यांनी ते असे ओरडले. त्या दिवशी वेळ संपली तरी उठेनात.

तेव्हापासून दर गुरुवारी एक प्रश्न नेते. छाटणी, डाळिंबावरचा तेल्या रोग, विहिरीच्या मोटरची चावी. काही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक असतात, तरी विचारते. आता ते दाढी करून येतात. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतात असं स्वतःहून सांगतात. बराकीतल्या दोन पोरांनाही शेतीचं काय काय शिकवतात म्हणे. पुण्याची धाकटी ई-मुलाखतीत मोबाइलवर दिसते, पण तिच्याशी बोलताना त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नाही, खालीच. काचेतून का होईना, समोर बसणं वेगळंच.

मोफत वकिलाचंही तुम्हीच सांगितलंत. जमीन असलेल्याला तो मिळत नाही असं मी धरून चालले होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न बघत नाहीत, हे विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन केल्यावर कळलं. तोवर फीपायी दोन म्हशी गेल्या होत्या. असो.

त्या बहाराची डाळिंबं आता उतरली. आत नेऊ देत नाहीत, अण्णांना फळ काचेतूनच दाखवलं. त्यांनी रंग बघून विचारलं, "भाव काय मिळाला?" तुमच्या वाटणीची पिशवी गेटासमोरच्या चहावाल्याकडे ठेवली आहे. हिरव्या नऊवारीतल्या मावशी म्हटलं की तो देईल.

तुमची,
अण्णांची थोरली