वैद्यकीय इच्छापत्र ठेवायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

असाध्य रुग्णाला मरणासाठी डॉक्टरांनी औषध द्यावे का, यावर परदेशातली एखादी बातमी आली की आपल्याकडे चार दिवस चर्चा रंगते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 1997 पासून, नेदरलँड्समध्ये 2002 पासून कायद्याची मुभा आहे. आपल्याकडे तो गुन्हा. मला स्वतःला ही मुभा इथेही हवी आहे. पण तिच्या अलीकडचा, म्हणजे निरर्थक उपचार नाकारण्याचा, जो हक्क आपल्याला मिळून चुकला आहे, त्याची काय गत आहे?

अरुणा शानबाग प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचे, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचे, दार किलकिले केले. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येते. पण तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, आणि पुढे त्यांनी रुग्णाला येऊन पाहायचे! कोण या वाटेला जाणार? जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानेच हे जाच काढले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की उपचार थांबवावेत का यावर किमान तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे शक्यतो 48 तासांत मत देतात. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचे.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यावर राज्यात असे अधिकारी नेमलेही गेले. मी नोटरी करून कागद घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र इथे नाही, दुय्यम निबंधकांकडे." हे मालमत्तेचे नाही म्हटल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीकडे धाडले. तिथल्या गृहस्थांनी मयताचे नाव विचारले. मी माझेच सांगितले. शेवटी आवक-जावकला शिक्का मारून मिळाला. प्रत कोणाच्या कपाटात गेली, देव जाणे.

हे हसण्यावारी नेले असते. पण कागद नसला की अतिदक्षता विभागाबाहेर मुले "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून बापाला घरी आणतात. घरी ना ऑक्सिजन, ना मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर. धाप लागलेल्या माणसाला वारा घालत बसायचे. खरे तर इच्छापत्र नसले तरी नातेवाइकांच्या संमतीने मंडळांचा तोच मार्ग खुला आहे, आणि त्यात रुग्णालयातच वेदनाशामक उपचार चालू ठेवता येतात. पण पोलीस-कोर्टाच्या धास्तीने डॉक्टर तो सुचवत नाहीत, आणि दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डॉक्टर नेमून द्यायचा असल्याने लहान रुग्णालये त्या भानगडीत पडत नाहीत.

प्रत्येक पालिकेत हे इच्छापत्र कोण स्वीकारतो, त्याचे पद, दालन आणि भेटीची वेळ आपल्या दैनिकाने मिळवून छापावी, ही विनंती. माहिती अधिकारात अर्ज करायला मी तयार आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक