पिंजाऱ्याची ओळख

सोलापूर,
२१ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवरच बोलायचं होतं. पण बाबा, तुम्ही फोनवर मला वाक्य पुरं करू देत नाही, मग मी चिडते आणि आई फोन काढून घेऊन "जेवलीस का" विचारते. म्हणून पत्र लिहितेय. तिकडे अमेरिकेत दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात छापून द्यायला. चष्मा लावून सावकाश वाचा.

आधी घरचं सांगते. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतंय, तेही पहाटे. तुळस बरी आहे. गड्ड्याच्या जत्रेची दुकानं अजून आहेत. अक्षतांच्या दिवशी मी संमती कट्ट्यापर्यंत पोचलेच नाही, बाळीवेशीतच गर्दीत अडकले आणि लांबूनच हात जोडले. काकूंनी शेंगाचटणी कुटून ठेवलीय तुमच्यासाठी. आई, तुझा डबा त्यांच्याकडेच आहे, हरवलेला नाही.

आता रविवारच्या मेसेजबद्दल. "पूर्ण तपासणी झाल्याशिवाय एकाही निर्वासिताला आत घेऊ नये. आम्ही नाही का सगळे कागद दिले?" असं तुम्ही ग्रुपवर टाकलंत आणि मामांपासून सगळ्यांनी हात जोडून दाखवले. मी उत्तर लिहिलं आणि पुसलं. दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे तपासणीबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं वाटतं.

तुमचा व्हिसा आठवा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर जागत मुंबईला गेलो. ठसे द्यायला आईनं काचेवर बोटं ठेवली, तर मशीनला दिसेनात. ओला कागद झाला, कोरडा कागद झाला, पोरीनं तीन-चारदा दाबून बघितलं. चाळीस वर्षं टेंभुर्णीच्या पानाला कात्री लावून, दिवसाला हजार विड्या वळून आईच्या बोटांवर रेघा राहिल्यात कुठे? शेवटी कसेबसे उमटले. दुसऱ्या दिवशी साहेबानं काय विचारलं? मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, इथे मागे कोण आहे. तीन मिनिटं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "बघ, किती कडक तपासतात."

निर्वासिताचं कसं असतं ते मी वाचून काढलंय. आधी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे नोंद. तिथून पुढे शिफारस, आणि जगातल्या शंभर निर्वासितांतल्या एकाचंही अशा रीतीनं तिसऱ्या देशात पुनर्वसन होत नाही. शिफारस झालीच तर अमेरिकेच्या केंद्रात सगळी कुंडली मांडायची. बोटांचे ठसे एफबीआय ही त्यांची केंद्रीय तपास यंत्रणा, होमलँड सिक्युरिटी हे अंतर्गत सुरक्षेचं खातं आणि लष्कर यांच्या नोंदींशी ताडून बघतात. मग अधिकारी समोर बसवून विचारतो, गाव कसं सोडलं, कुणाबरोबर, कुठल्या रस्त्यानं. घरातल्या प्रत्येकाची गोष्ट जुळावी लागते. मग डॉक्टर. यात दीड-दोन वर्षं सहज जायची. तोवर आधीच्या एखाद्या तपासणीची मुदत संपली तर ती पुन्हा. विमानाचं तिकीटही फुकट नाही बरं का, बिनव्याजी कर्ज असतं, तिथे पोचल्यावर हप्त्यानं फेडायचं. आणि हे सगळं निर्वासित घेण्याचा कार्यक्रम सुरू असतानाचं.

तुमचा मुद्दा अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. २०११ मध्ये केंटकी राज्यात दोन इराकी पकडले गेले. निर्वासित म्हणून आले होते आणि तिथे बसून इराकमधल्या अल कायदाला शस्त्रं पाठवायच्या खटपटीत होते. त्यातल्या एकाच्या बोटांचे ठसे इराकमध्ये २००५ साली सापडलेल्या, न फुटलेल्या बॉम्बवर होते. ठसे सरकारच्याच दप्तरात होते, फक्त कुणी जुळवून पाहिले नव्हते. चूक झाली, आणि त्यानंतर तपासणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. आता नोव्हेंबरात वॉशिंग्टनला नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातल्या दोघांवर गोळीबार झाला, त्यातली तरुण मुलगी गेली. आरोपी अफगाण. तुम्ही त्या आठवड्यात रोज फोन करत होता. बातमी बघून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण बाबा, तो माणूस या निर्वासितांच्या रांगेतून आलेला नाही. २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं तेव्हा घाईघाईनं जे लोक काढले, त्यांत तो आला. अमेरिकेच्याच बाजूनं लढलेला होता, आणि आश्रयाचा अर्ज मंजूर झाला तो २०२५ मध्ये. त्याच्यानंतर काय झालं, तर सगळ्याच आश्रय-अर्जांवरचे निर्णय थांबवले आणि १९ देशांच्या लोकांना आधी दिलेली ग्रीन कार्डंसुद्धा पुन्हा बघणार म्हणून जाहीर केलं.

इथे माझी गाडी अडते. चूक सापडली की तपासणी सुधारायची, हे समजतं. पण तिथलं राजकारण बघितलं तर बऱ्याचदा तपासणीचं नाव पुढे करून भलतंच चाललेलं असतं.

२०१५ चं बघा. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये हल्ले झाले, आणि आठवड्याच्या आत अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेनं २८९ विरुद्ध १३७ मतांनी एक विधेयक मंजूर केलं. सीरिया-इराकच्या प्रत्येक निर्वासितासाठी एफबीआयचा प्रमुख, होमलँड सिक्युरिटीचा मंत्री आणि गुप्तचर खात्यांचा प्रमुख, तिघांनी लिहून द्यायचं की या माणसापासून देशाला धोका नाही. पुढे सिनेटमध्ये ते अडलं. पण कल्पना करा. आपल्याकडे प्रत्येक रेशनकार्डाखाली कलेक्टर, एसपी आणि तहसीलदार यांनी "हा इसम पुढे कधीही चोरी करणार नाही" असं लिहून सह्या करायच्या. कोण करेल? कुणीच नाही. आणि कुणी करणार नाही हे ठाऊक असूनच तो नियम लिहिलेला असतो.

मग २०१७ च्या जानेवारीत ट्रम्प यांचा पहिला आदेश आला. सात देशांच्या लोकांना बंदी, निर्वासितांचं काम १२० दिवस बंद, सीरियाच्या लोकांना तर बेमुदत. विमानात बसलेल्या माणसांचे व्हिसा उतरेपर्यंत निरुपयोगी झाले. तेव्हा दादाचा फोन आठवतो का? "आपला देश त्यात नाही, काळजी करू नका." कोर्टकज्जे झाले, आदेश दोनदा बदलला, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तिसरा आदेश उचलून धरला.

आकडे तर त्याहून बोलके आहेत. १९८० मध्ये त्यांचा निर्वासितांचा कायदा झाला. वर्षाला जास्तीत जास्त किती घ्यायचे ते राष्ट्राध्यक्ष ठरवतात. त्या पहिल्या वर्षी मर्यादा होती २,३१,७०० ची. २०२५ साठी ती १,२५,००० ठरली होती, पण जानेवारीत ट्रम्प परत आले आणि सगळं कामच थांबवलं. २०२६ साठी मर्यादा ७,५०० आहे, आणि त्यातल्या बहुतेक जागा दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानेर लोकांसाठी. आता मला सांगा, सव्वा लाखाचे साडेसात हजार झाले ते कुठल्या तपासणीत? कुणाचे ठसे जुळले नाहीत म्हणून? "आम्हाला नको आहेत" असं म्हणायचा त्या देशाला अधिकार आहे, मला ते आवडो न आवडो. मग तसं म्हणावं की. तपासणी चालू आहे, असं सांगून माणसाला पाच वर्षं तंबूत बसवून ठेवायचं, ही लबाडी झाली.

तुम्ही म्हणाल, आपलं तसं नाही, आपला मुलगा कायद्यानं गेलाय. बरोबर. पण गेल्या सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर लावले तेव्हा मध्यरात्री फोन करून "मी आत्ता इकडे यायला निघालो असतो तर" असं दादाच विचारत होता ना? आणि त्यांचा कायदा एकेकाळी आपल्याला काय म्हणत होता? १९२३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की भगतसिंग थिंद नावाचा शीख, जो पहिल्या महायुद्धात त्यांच्याच सैन्यात होता, नागरिक होऊ शकत नाही, कारण तो गोरा नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानला वर्षाला १०० जागा. १९६५ मध्ये कायदा बदलला नसता तर तुम्ही आज तिथे बसून हीटर किती ठेवायचा यावरून वहिनीशी वाद घालत नसता.

आपल्याकडेही काही वेगळं नाही. निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. नागरिकत्वाच्या दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आली, तोवर आलेल्यांनाच सवलत. माझ्या टेबलावर दुसरी तारीख असते, १३ ऑक्टोबर १९६७. ओबीसीचा दाखला हवा तर त्या दिवशी आजा-पणजा महाराष्ट्रात राहत होता याचा पुरावा आणा. गेल्या महिन्यात पूर्व भागातली एक आजी नातीला घेऊन आली. पोरीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचाय. आजीचे सासरे तेलंगणातून मागावर काम करायला आले, पन्नास सालच्या आसपास. शाळेत कधी गेलेच नाहीत, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. भाड्यानं राहिले, म्हणजे घरपट्टीची पावती नाही. मिल बंद पडली, तिचं दप्तर कुठे गेलं कुणाला माहीत नाही. आजी म्हणाली, "तिकडच्या गावात गेलो तर म्हणतात तुम्ही सोलापूरचे. हितं तुम्ही म्हणता तिकडचे." पिशवीतून तिनं जे काढलं ते मी विसरणार नाही: सासऱ्यांचा पितळी बिल्ला, मिलचा, नंबर कोरलेला. आकडे झिजलेले. मी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. यादीत बिल्ला बसत नाही. मी काय करू? अर्ज नाकारणं माझ्या हातात नाही आणि मंजूर करणंही नाही. पण "पुढच्या सोमवारी या" असं मी म्हणाले नाही. काय लागेल आणि नाही मिळालं तर काय होईल, ते कागदावर लिहून दिलं. ती रडली. तरी बरं केलं असं वाटतं मला.

आता जे फोनवर मला कधीच जमलं नसतं ते लिहिते.

निजामाच्या रझाकारांच्या वेळची आपली गोष्ट तुम्ही दर गणपतीत सांगता. १९४८ चा उन्हाळा, तुम्ही वर्षाचेही नव्हता, नळदुर्गकडून रात्री बैलगाडीतून करोडगिरीचा नाका चुकवून आजोबा इकडे आले, खिशात फक्त हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, तो इथला वाणी पूर्ण भावानं घेईना. मग मिलच्या जॉबरनं, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमानं, विचारलं, गाव कुठलं, पाटील कोण, ओळख कोण देतो? गावच्या एकानं "मी ओळखतो" म्हटलं आणि आजोबा लागले. म्हणजे आपलीही तपासणी झालीच. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आपण आपल्याच मुलखात आलो, त्याची सीरियाशी तुलना नको. मी करतही नाही.

पण त्या गोष्टीचा एक तुकडा तुम्ही सांगत नाही. आजोबांनी तो मला त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितला, मी कॉलेजला होते. ज्या धर्मशाळेत सगळे उतरले होते तिथे एक पिंजारी होता, बायको आणि दोन पोरं घेऊन आलेला. रझाकारांना नको असलेले मुसलमानही होतेच की, हैदराबादेत शोएबुल्ला खानसारख्या संपादकाला त्यांनी मारलंच. पण धर्मशाळेत कुजबुज सुरू झाली, हा खबऱ्या असेल. लोकांनी त्याला मध्ये घेऊन विचारलं, तुला इथे कोण ओळखतं? त्यानं सगळ्यांकडे बघितलं. आजोबांकडेही. आपल्या घरच्या गाद्या दर दिवाळीआधी तोच पिंजायचा. आजोबा गप्प बसले. मला म्हणाले, "आपलंच अजून ठरलं नव्हतं गं. त्याची ओळख देऊन मीच संशयात आलो असतो तर?" सकाळी ते कुटुंब तिथे नव्हतं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, लोक गावी परतले. आजोबा परत गेले नाहीत. नोकरीमुळे, असं आपण म्हणतो.

तुम्हाला हे माहीत आहे का, हेच मला विचारायचं होतं. आणि त्या पिंजाऱ्याचं नाव आजोबांनी तुम्हाला कधी सांगितलं का? माझ्याशी बोलताना ते नुसतं "पिंजारी" म्हणायचे.

रागावू नका. रागावलात तर आईकडे फोन द्या.

एक काम मात्र न विसरता करा. दादाला सांगून आय-९४ वरची, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवरची, किती दिवस राहता येईल ती तारीख काढून बघा, विमानतळावर साहेब तोंडी जे बोलला त्यावर राहू नका. एप्रिलच्या आधीचं तिकीट आहे ना? एक दिवसही जास्त राहू नका, सध्या कुणाचं काही सांगता येत नाही. आईच्या हाताला रोज खोबरेल लावा, थंडीनं भेगा पडल्यात म्हणत होती.

तुमची गादी पार बसलीय, कापसाचे गोळे झालेत. गल्लीत मशीनवाला येतो त्याला सांगून ठेवलंय, तुम्ही यायच्या आत पिंजून घेते. किती किलो कापूस वाढवायचा ते आईनं सांगावं.

तुमची,
धाकटी