घुंगरू स्टुटगार्टला पोचलं

बीव्हरटन, ऑरेगन
९ नोव्हेंबर

प्रिय शैले,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून पत्र. सावकाश वाच, मधेच कुकर लावायला उठू नकोस.

शुगर ठीक, गुडघे आहेत तिथेच आहेत, इथला पाऊस सुरू झालाय तो आता मेपर्यंत. झालं तब्येतीचं.

आता ऐक. मी निघाले तेव्हा एसटी स्टँडवर तू माझ्या मुठीत जे घुंगरू कोंबलंस, ते सध्या जर्मनीत स्टुटगार्टला आहे. डिसेंबरात ते वाईला यायचंय. एक जर्मन इंजिनियर घेऊन येतोय. मी शुद्धीवर आहे, मधुराला विचार हवं तर.

ईशानचं डबे हुडकायचं वेड तुला माहीत आहे. तू त्याला ‘उकिरडा फुंकणं’ म्हणाली होतीस, ते मी त्याच्यापर्यंत पोचवलेलं नाही. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे मोबाइल घेऊन शोधत जातात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा जिथल्या तिथे ठेवतात. बक्षीस नाही, नंबर नाही. जगभरात तीस लाखांच्या वर असे डबे आहेत म्हणे. आणि याची सुरुवात झाली ती इथेच, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, बीव्हरक्रीकजवळच्या रानात.

अमेरिकेचे उपग्रह पूर्वी साध्या लोकांना मुद्दाम चुकीची जागा दाखवायचे, शंभरेक मीटर इकडेतिकडे. ते बंद करतोय असं क्लिंटनने जाहीर केलं १ मे २००० ला. आपण तिकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेऊन झोपलो होतो. दोनच दिवसांनी, ३ मेला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली अर्धी पुरली आणि आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. आता नियम असा की डब्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही, जनावरं येतात. पहिल्याच माणसाने बीन्स ठेवले होते! तो बीन्सचा डबा पुढे या मंडळींचा देवच झाला, त्याला घेऊन फिरतात. तुझ्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीला एवढा मान मिळाला नसेल.

त्या जागी रस्त्याकडेला फलक आहे. ईशान आम्हाला तिथे घेऊन गेला, म्हणजे गाडी सचिनने चालवली, पण यात्रा ईशानची. मी पाया पडले नाही, पण हात आपोआप जुळत होते.

मीही शोधते हं. हसू नकोस. परवा दुकानाच्या पार्किंगमधे एका दिव्याच्या खांबाशी उकिडवी बसले होते. खांबाच्या बुडाशी बोल्ट झाकायला पत्र्याचं चौकोनी झाकण असतं, ते सैल असतं. वर सरकवलं की करकर वाजतं. आत जुन्या फिल्मच्या रोलची काळी डबी, आपल्या लग्नाच्या फोटोवाल्याकडे असायची तसली. डबीत कागदाची सुरनळी, पावसाने ओली, बोटांनी सुटेना. शेवटी पर्समधला भुवयांचा चिमटा काढला. एक बाई ढकलगाडी घेऊन थबकल्या आणि विचारलं, ठीक आहात ना? मी म्हटलं, कानातलं पडलं. खेळाबाहेरच्या माणसाला कळू द्यायचं नाही हाही नियमच आहे. बाई बिचाऱ्या वाकून माझ्याबरोबर कानातलं शोधायला लागल्या. दोन्ही माझ्या कानातच होती.

तर घुंगरू. इथे मुलांच्या वाढदिवसाला काय द्यायचं हा मोठा यक्षप्रश्न असतो, घरात खेळण्यांचा डोंगर. मधुराने तोड काढली, प्रवासी बिल्ला द्यायचा. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसला धातूचा बिल्ला, वर नंबर कोरलेला. त्याला एखादी वस्तू अडकवायची आणि डब्यात सोडून द्यायची. सापडेल तो ती उचलतो, नंबर घालून कुठे उचलली ते लिहितो आणि पुढच्या डब्यात नेऊन ठेवतो. बदल्यात काही ठेवावं लागत नाही, कारण ती वस्तू घेणाऱ्याची होत नाही. नेणारा नुसता हमाल. ज्याची आहे तो घरी बसून नकाशावर पाहतो. ईशानच्या मित्रांनी प्लॅस्टिकचे डायनोसॉर अडकवले. ईशान म्हणाला, आजी, तुझं बेल देशील? मी दिलं. मला न विचारता का दिलंस म्हणशील. तू मला दिलंस, माझं झालं, मी नातवाला दिलं. कोर्टात जा.

त्याने प्रवासाचा हेतू लिहिला: आजीच्या मैत्रिणीच्या गावी कृष्णा नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. ‘परत यायचं’ याखाली दोन रेघा.

त्या फलकापाशीच सोडलं. तिथून कुणी आयडाहोत नेलं, मग कुणी थेट कॅन्ससला, मिंगो म्हणून डबा आहे तिथे. तोही २००० च्या मे महिन्यातला, अजून जागेवर असलेल्यांत सगळ्यांत जुना. तिथे नेणाऱ्याने लिहिलं होतं की गाडीत छुमछुम वाजून वाजून त्यांचा कुत्रा भुंकत होता, शेवटी घुंगरू मोज्यात घातलं. आम्ही जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. आणि मग काही नाही. कुणीतरी उचललं आणि पुढे चकार शब्द नाही. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली.

शैले, तुला सांगते, माझी झोप उडाली. देवळात जाताना आपण चपला कुणाच्या तरी भरवशावर ठेवायचो आणि प्रदक्षिणा घालताना मान वाकडी करकरून बघायचो, आठवतं? त्या आपण. आणि हे पोरगं पितळेचा तुकडा रानात ठेवून निवांत झोपतं. मधुरा म्हणते, आई, असे कितीतरी हरवतात, लोक नंबर घालायला विसरतात, पोरं खेळणं समजून घरी नेतात, त्यात जीव अडकवू नये. ईशान मात्र म्हणतो, नो आजी, तो माणूस बिझी असेल. रोज शाळेतून आला की आधी नकाशा. रोज म्हणतो, बिझी असेल. मला भीती वाटायची ती घुंगराची नाही गं. एक दिवस हे ‘बिझी असेल’ म्हणायचं बंद होईल, आणि ते माझ्या वस्तूपायी.

तर गेल्या आठवड्यात फोटो आला. पावसाळी खिडकी, मागे द्राक्षांचे मळे, आणि हाताच्या तळव्यावर आपलं घुंगरू! त्या स्टुटगार्टवाल्याने लिहिलंय की अमेरिकेत कामाला होतो, खिशात राहून घरी आलं, माफ करा, पण आता डिसेंबरात मला चाकणच्या कारखान्यात यायचं आहे, वाई तिथून लांब आहे का? ईशान घरभर नाचला. मी पण, गुडघे सांभाळून.

फोटो मोठा करून पाहिला मी. तोंडाची एक पाकळी वाकलीय आणि तिच्याशी बारीक चीर आहे. आता मला खरं सांग. आठवीच्या गॅदरिंगला कोळीनाचात तुझ्या आत्याच्या चाळाची दोरी तुटली, घुंगरं स्टेजभर पांगली, आणि एक सापडलंच नाही. मोघे बाईंसमोर तू म्हणालीस, कुंदाने गाठ सैल बांधली. मी सगळ्या शाळेचं बोलणं खाल्लं. नलूची शप्पथ, ती गाठ घट्ट होती, तू पाय चुकीचा टाकलास. हरवलं ते घुंगरू पेटीवाल्या सरांच्या पायाखाली आलं होतं असं बंड्या तेव्हाही म्हणायचा. पायाखाली आलं तर पाकळी वाकेल ना? म्हणजे तुला ते त्याच रात्री मिळालं होतं आणि पन्नास वर्षं तू कपाटात ठेवलंस. नसेल तर नाही म्हण. पण लेखी म्हण.

यावरूनच खरी चिंता सुरू होते. तुझ्या कपाटात गेलेली वस्तू बाहेर येत नाही. माझी विणकामाची पुस्तकं, तात्यांचा सायकलचा पंप, माझ्या आईचं पुरणयंत्र. आता हे घुंगरू तुझ्या हातात आलं की तू म्हणणार, अगं पुरे झालं हिंडणं, घरचं घरी आलं. आणि चावी कमरेला. पण त्याला परत निघायचंय, शैले. दोन रेघा आहेत.

ईशानची कल्पना अशी की तूच वाईत एक डबा लपवावास. मी नको म्हटलं. डबा जवळ राहणाऱ्यानेच सांभाळायचा असतो, जागेची परवानगी लागते, स्वयंसेवक तपासतात तेव्हा तो नकाशावर येतो. आणि ढोल्या गणपतीच्या घाटावर चिकटपट्टी गुंडाळलेला डबा कुणाच्या नजरेस पडला म्हणजे? इंग्लंडात वेदरबी नावाच्या गावात २०११ साली कॅफेबाहेरच्या कुंडीपाशी असाच एक डबा होता, बॉम्बपथक बोलावून उडवला. तिथे ही गत, तर तुझ्या आळीत काय होईल? तुला चौकीवर बसवतील आणि तू फौजदाराचीच उलटतपासणी घेशील. ईशान मेणवलीच्या घाटाचंही विचारत होता. तिथे शूटिंगवाले उचलून नेतील. २००८ साली एकाने अंतराळ स्थानकातसुद्धा या खेळातला डबा नोंदवून ठेवला होता, आणि वाईला जागा मिळेना!

मग सचिन म्हणाला, हातोहात दिलं तरी चालतं की. म्हणून ठरलंय असं: तो माणूस एका रविवारी तुझ्याकडे येईल. नक्की तारीख मधुरा कळवेल. त्याच्या बायकोचा फोटो, त्याचा पगार, दुसरं मूल कधी, हे विचारू नकोस. जेवायला घाल, पण तिसरी पोळी तो नको म्हणाला तर नको म्हणजे नको. घुंगरू घे, घाटावर ने, पाण्याजवळ धरून फोटो काढ. नंबरवाला बिल्ला फोटोत दिसता कामा नये, तो नंबर उघड करायचा नसतो. मग नलूच्या सुनेकडे दे. ती जानेवारीत सिएटलला येतेय. तिथे फ्रीमाँट भागात या खेळाचं मुख्य ऑफिस आहे, ईशानला ते तिथेच तिच्या हातून घ्यायचंय. नलूला तू स्वतः फोन कर. तुमचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. साडीवरून एवढं ताणतात का? तीही तसलीच आहे म्हणा.

बिल्ल्याची जोडी मिळते, एक वस्तूला लावायचा आणि एक मालकाने ठेवायचा. तो दुसरा मी ईशानकडून मागून घेतलाय. घुंगरू परत आलं की तो तुझा, मग ठेव कपाटात खुशाल.

बाकी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? प्रकाशने दुकान भाड्याने दिलं म्हणे, बरं केलं. सुनेला सातवा लागला असेल, तिला जिने चढू देऊ नकोस. मागचं जांभळीचं झाड पाडलं हे वाचून वाईट वाटलं, त्यावर पुढच्या पत्रात लिहीन.

आणि त्या जर्मनाला कंदी पेढे बांधून दे, पण या खेळाच्या कुठल्याही डब्यात ठेवू नको म्हणावं, खायचे असतात. त्याला मराठी येत नाही आणि तुला इंग्रजी बोलताना खोकला येतो, तेव्हा शेजारच्या दिनूला बोलावून ठेव. नलूला फोन केलास की मला लगेच मिस्ड कॉल दे, मी जागीच असते.

तुझी,
कुंदा