परीक्षा विभागाच्या खिडकीतल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. "आभार कायचे वं, पगार घेतो ना आम्ही" हे तुमचं वाक्यही ऐकून झालंय. म्हणून तुमचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. विदर्भातलं एक स्वायत्त कॉलेज, आणि तिथली एक खिडकी, जिथून फॉर्म परत मिळाला तर तो का परत आला हेही सोबत मिळतं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आमची २०२३ ची तुकडी नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली. शासन निर्णय निघाला २० एप्रिल २०२३ ला आणि आम्ही जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत. स्वायत्त कॉलेजांना तो त्याच वर्षी लागू झाला, बाकीच्यांना पुढच्या वर्षी. त्यामुळे विचारायला वर कुणी सिनिअरच नाही. सेकंड इयरची पोरं जुन्या पॅटर्नची, त्यांना मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या विद्याशाखेबाहेरचा निवडीचा विषय), आणि कौशल्याचे, भाषेचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस असले पेपर, यातलं काही सांगता यायचं नाही. सरही एकमेकांना विचारत होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. सत्राला २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाला किती तास द्यायचे ते मोजायचं माप), तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं तर १७६, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. त्या २२ च्या आत काय कुठे बसतं, हे मात्र ज्याला त्याला आपापल्या परीने वाटत होतं.

त्यात माझी गोष्ट आणखी आडवळणाची. मला भाषाविज्ञान शिकायचं होतं. आपल्याकडे त्या विषयात बी.ए. नाही, आसपास कुठे नाही. मराठी घेतलं तर तिसऱ्या वर्षी भाषाविज्ञानाचा पेपर येतो, तेवढाच. ज्याला विचारावं तो दोनच गोष्टी सांगायचा. एक, पुण्या-मुंबईला जा. दोन, आधी निमूटपणे बी.ए. कर, मग बघू. पहिलं घरी परवडणारं नव्हतं. दुसऱ्यातल्या त्या "मग बघू"ची मला भीती वाटायची, कारण आमच्या गावातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण त्या दोन शब्दांत संपलेलं आहे.

तुमच्याकडे मी आले ती स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलच्या अर्जावर सही घ्यायला. त्यातल्या एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या अभ्यासक्रमांत, भाषाविज्ञानाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता, तो ओपन इलेक्टिव्हमध्ये धरा, एवढंच माझं मागणं. यूजीसीच्या नियमाप्रमाणे सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ऑनलाइन घेता येतात, म्हणजे २२ पैकी आठ, हे मी वाचून आले होते. माझ्या मते प्रश्न सुटलेला होता. तुम्ही अर्ज वाचलात, मग ड्रॉवरमधून शासन निर्णयाची स्टेपल केलेली प्रत काढलीत आणि ओईच्या ओळीवर पेन्सिल ठेवलीत. ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यायचं. माझं मेजर मराठी, म्हणजे मानव्यविद्या. भाषाविज्ञानही मानव्यविद्येतच. शिवाय बारा आठवड्यांचे होतात तीन क्रेडिट, आणि आपल्याकडचं ओई दोनचं किंवा चारचं.

"इथं नाही बसत. उद्या आली तरी नाही बसणार. कुठं बसते ते पाहू."

मॅडम, कार्यालयातला नकार मी तोवर पुष्कळ ऐकला होता. तो साधारणपणे पहिल्या वाक्यावर थांबतो. तुमचं तिसरं वाक्य ऐकायची मला सवयच नव्हती.

मग तुम्ही मला आत बोलावलंत. 'विद्यार्थ्यांनी आत येऊ नये' या पाटीच्या पलीकडे ती माझी पहिलीच वेळ. पाठकोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारून तुम्ही सहा रकाने आखलेत, एकेका सत्राचा एक. जे बदलता येत नाही ते निळ्या पेनाने आधी भरून टाकलंत: मेजरचे सक्तीचे पेपर, इंग्रजी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. जिथे मला निवड होती त्या चौकटी रिकाम्या सोडल्यात. आणि म्हणालात, तुझं भाषाविज्ञान या रिकाम्या घरांतूनच न्यावं लागेल. कोणता विषय चांगला, ते मी सांगणार नाही, ते सरांना विचार. घेतला तर पुढे कुठे अडेल, ते मी सांगते.

हे तुमचं फार मोठेपण होतं, असं मला आता वाटतं. सल्ले द्यायला सगळे बसलेले असतात. मायनरला इतिहास घे, स्कोअरिंग आहे, हे मला निदान निम्म्या कॉलेजने सांगितलं असेल. तुम्ही संस्कृतच्या सरांकडे पाठवलंत, त्यांनी व्याकरण किती आहे ते दाखवलं आणि मी संस्कृत घेतलं. तुमचा इशारा एवढाच होता, की मायनर एकदा धरला की शेवटपर्यंत त्याचे क्रेडिट पुरे करावे लागतात, मधे सोडला तर केलेलं पाण्यात. वर्गात आम्ही बोटांवर मोजण्याइतकेच होतो. तो वर्ग बंद पडतो की काय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा विद्यार्थिसंख्येचा नियम नेमका काय म्हणतो हे तुम्हीच विभागाला लेखी कळवलंत. हे मला फार नंतर, आणि सरांकडून कळलं.

ओईसाठी विज्ञान शाखेतलं सांख्यिकी घेतलं. मराठीच्या मुलीने सांख्यिकी घेतलं म्हणून काही जण हसले. हसू दे.

सगळ्यात जास्त आठवतो तो फील्ड प्रोजेक्ट. दोन क्रेडिटचा, एका क्रेडिटला तीस तास या हिशेबाने साठ तास. वर्गातल्या बहुतेकांनी पतसंस्था नाहीतर कृषी सेवा केंद्र गाठलं. मला आमच्या गावात ळ कोण म्हणतं आणि य कोण म्हणतं, ते बघायचं होतं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी केळाचं केय होतं, डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया. शाळेत जाणारी पोरं पुस्तक वाचताना ळ म्हणतात, तीच पोरं अंगणात खेळायला लागली की य वर येतात. मधल्या वयाच्या बाया तर समोर कोण बसलंय ते बघून ठरवतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात माणसांना प्रश्न कसे विचारतात ते बघून मी माझी छोटी यादी बनवली. थेट शब्द म्हणायला सांगायचे नाहीत, चित्र दाखवायचं आणि हे काय म्हणून विचारायचं. आमच्या आजीने केळाचं चित्र बघून "एवढं शिकून हे बी नाई समजत का तुले?" असं विचारलं, तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

पण फॉर्म म्हणत होता, 'संस्थेचे नाव, अधिकाऱ्याची सही व शिक्का'. ओट्यावर बसलेल्या आज्यांकडे कुठला शिक्का? एकाने सुचवलं, ओळखीच्या दुकानदाराकडून मारून आण, कोण बघतं. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत फक्त. मग मार्गदर्शक सूचना काढून वाचल्यात. तिथे संस्था हवीच असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. काम प्रत्यक्ष क्षेत्रात झाल्याचा पुरावा आणि मार्गदर्शक शिक्षकाची सही, एवढंच. संस्थेचा रकाना फॉर्म टाइप करणाऱ्याने आपल्या मनाने घातलेला. तुम्ही ग्रामपंचायतीचं पत्र, तासांची रोजनोंद आणि सरांची सही असं तिन्ही लावायला सांगितलंत, आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये तो रकाना 'संस्था / गाव' असा झाला. माझ्या मागच्या तुकडीतला एक मुलगा पारध्यांच्या बोलीवर काम करतोय. त्याला शिक्क्यासाठी कुणाकडे जावं लागलं नाही.

स्वयमचा तो अभ्यासक्रमही केला मी. "डिग्रीत धरला जाणार नाही, १३२ च्या बाहेरचा राहील, शिकण्यासाठी करायचा तर कर," असं तुम्ही स्वच्छ सांगितलं होतं. शिकणं फुकट, परीक्षेचे हजार रुपये. असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. ध्वनिविज्ञानाचा भाग मी रात्री आरशासमोर बसून केला, जीभ कुठे लागते ते बघत. घरच्यांनी तेवढ्यापुरतं दुर्लक्ष केलं.

एबीसी आयडीच्या, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जिथे जमा होतात त्या सरकारी क्रेडिट बँकेतल्या खात्याच्या, भानगडीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात तुमच्या दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे व्ही आणि दुसरीकडे डब्ल्यू. क्रेडिट बँकेत माझी दोन सत्रं दिसेचनात. तुम्ही पट्टी ठेवून एकेक अक्षर जुळवलंत, चूक आधारकडची आहे हे दाखवलंत, आणि कॉलेजकडून नाव बदलून घ्यायच्या नादी लागू नको, दहावीचं धरून आधार दुरुस्त कर, असं सांगितलंत. डबा तसाच उघडा होता. मी म्हटलं, मॅडम, नंतर येते. तुम्ही म्हणालात, नंतर लिंक बंद होते.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, ते.

पाचव्या सत्रात मी ठरवून टाकलं होतं की चौथं वर्ष करायचं. ऑनर्स विथ रिसर्च. नाव भारदस्त होतं आणि चार वर्षांची पदवी असली की एम.ए. एका वर्षात होतं, हे सगळीकडे ऐकू येत होतं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, ते माझे होत होते. घरीही पटवलं होतं. तुमच्याकडे फक्त फॉर्म कधी सुटतो ते विचारायला आले. तुम्ही मला चार प्रश्न विचारलेत. संशोधन कुणाकडे करणार? आपल्या विभागात पीएच.डी.चं मार्गदर्शन करणारे किती? ऑनर्स कशात मिळेल, मराठीत की भाषाविज्ञानात? आणि एका वर्षाचं एम.ए. भाषाविज्ञानात मिळेल, असं तुला कुणी लिहून दिलंय का?

मला एकाचंही नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "कॉलेजनं मला हे सांगू नको म्हटलं तरी चालंल. चौथ्या वर्षाला पोरं पाहिजेत आम्हाले. पण तुझं काम तीन वर्षांत होते." डेक्कन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञानाचं एम.ए. आहे, त्याला पदवी कुठल्याही शाखेची चालते, हे तुम्हीच शोधून ठेवलेलं होतं. दोन वर्षं लागतील, पण दोन्ही वर्षं भाषाविज्ञानाची. इथे एक वर्ष मराठीत घालवून मग एकच वर्ष, की तिथे दोन्ही? हिशेब मांडलात आणि कागद माझ्याकडे सरकवलात. "घरी दाखव. बाबाले दाखव. मग ये."

बाबांनी तो कागद खूप वेळ बघितला. ते स्वतः सातवी शिकलेले. क्रेडिट वगैरे त्यांना कळलं नसेल, पण पट्टीने आखलेल्या सहा चौकटी, प्रत्येकीखाली बेरीज २२ आणि सगळ्यात खाली १३२, हे कळलं. त्यांनी विचारलं, "ह्या बाईला काय मिळते याच्यात?" मी म्हटलं, काही नाही. मग ते पुण्याच्या खोलीभाड्याचं विचारायला लागले.

मॅडम, मला नियमात बसवा म्हणणारी माणसं तुमच्याकडे रोज येतात. तुम्ही माझ्यासाठी एकही नियम वाकवला नाही. मी एकदा तारीख उलटून गेल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेऊन आलेल्या मैत्रिणीची रदबदली करायला आले होते, तेव्हा तुम्ही दोघींनाही परत पाठवलंत. त्या दिवशी तुमचा राग आला होता. आजही तिला तो आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. पण नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं माणूस आमच्यासारख्यांना लागतं, ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही. ज्यांच्या घरी काका प्राध्यापक आणि मावशी प्राचार्य, त्यांना नियम जेवताना कळतात. आम्हाला खिडकीतून कळतात.

तुमचा तो कागद मी झेरॉक्स करून खालच्या वर्गांतल्या मुलींना दिलाय. मराठीच्या, आणि एक इंग्रजीची. २०२४ नंतर रचनेत काही बदल झालेत, म्हणून वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हा जुना आहे, मॅडमना विचारूनच भरा. म्हणजे तुमचं काम वाढवलंय मी. त्यातली एक दिसायला लाजाळू आहे, पण कोरकूवर काम करायचं म्हणते. मेळघाटातली आहे, घरी तीच बोलतात. तिच्या चौकटी जरा नीट बघा.

सहाव्या सत्राची गुणपत्रिका मिळाली. क्रेडिट बँकेतही सगळी सत्रं दिसताहेत, नाव एकसारखं. एम.ए.च्या प्रवेशासाठी टीसी आणि मायग्रेशन लागेल. सोमवारी येते. फीची पावती, ना-हरकतीवर ग्रंथालयाची सही आणि दोन झेरॉक्स घेऊनच येते, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर येते.

आपली,
बी.ए. मराठी, पहिली तुकडी